यंत्र आपले, पुर्जा परका



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय असतात. त्या पंगतीत ‘होडीच्या इंजिनाचे सुटे भाग’ हा पाहुणा पाहून काहींना मुद्रकाचा घोटाळा झाला असे वाटले असेल. परंतु विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. दादरच्या चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताला वरळीचा किल्ला दिसतो. त्या किल्ल्याला बिलगून कोळीवाडा आहे. आपण स्वतःला गिरगावचे, परळचे, लालबागचे म्हणवतो. पण आपण येथे येण्यापूर्वी या बेटांवर ज्यांची वस्ती होती, ते लोक तेथे आजही होडीवर पोट भरतात. त्यांच्या होडीचे यंत्र बिघडते तेव्हा काय होते, हे या शहराने एकदा तरी स्वस्थपणे ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम हे यंत्र कसे असते ते सांगतो. मोठ्या मासेमारी नौकेचे इंजिन तिच्या पोटात बसवलेले असते. लहान होडीला एवढे मोठे पोट नसते. म्हणून तिच्या मागच्या फळीला बाहेरून इंजिन अडकवतात. वर त्याचे डोके, मध्ये लांब पाय आणि पाण्याखाली पंखा. तेच होडीला ढकलते आणि तेच वळवते. लहानसे असले तर काढून खांद्यावर टाकून घरीही नेता येते. याला आउटबोर्ड म्हणतात. १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरी मूळचा नॉर्वेचा ओले एव्हिनरूड याने असे इंजिन बाजारात आणले. असे सांगतात की, उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या वाग्दत्त वधूसाठी सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते सारे वितळले, आणि त्या दिवशी त्याने या यंत्राचा ध्यास घेतला. कथा खरी असो वा खोटी, वल्ह्याने थकलेल्या माणसाला ती पटते खरी.

वल्हे आणि शीड जाऊन इंजिन आले. होडी लवकर जाऊ लागली, लवकर परतू लागली, मासळी ताजी राहू लागली. हा लाभ थोडा नव्हे, आणि तो आम्ही नाकारीत नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. शीड फाटले तर घरातली माणसे ते शिवीत. वल्हे मोडले तर जवळचा सुतार दुसरे घडवून देई. होडीच्या प्रत्येक अवयवाचे ज्ञान वाड्यातच नांदत होते. इंजिन आले ते एकटेच आले. त्याचे ज्ञान परदेशातच राहिले. आणि आता होडीवर शीड नाही. तिचे इंजिन भर समुद्रात थांबले, की ती होडी उरत नाही, ओंडका होते. ओहोटीची ओढ नेईल तिकडे जाते. गिरगावात आपली स्कूटर बंद पडली, तर आपण ती ढकलीत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेतो. समुद्राला कोपरा नसतो.

आता एकच पुर्जा घेऊ आणि त्याचा माग काढू. आउटबोर्डच्या पायात, पाण्याखाली, रबराचा एक छोटा पंखा असतो. मुठीत मावेल एवढा. तो समुद्राचे पाणी वर ओढतो, ते पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून त्याला थंड ठेवते, आणि एक बारीक धार मागच्या बाजूने बाहेर पडत राहते. नाखव्याचा एक डोळा नेहमी त्या धारेवर असतो. धार चालू आहे तोवर चिंता नाही. रबर जुने होते, वाळूने झिजते, इंजिन पाण्याबाहेर क्षणभर चालवले तरी जळते. मग पाती तुटतात, तुकडे पाण्याच्या वाटांत अडकतात, धार बंद होते, आणि ती वेळीच ध्यानात आली नाही तर इंजिन तापून त्याचा पिस्टन जागच्या जागी आवळून बसतो. म्हणजे मूठभर रबरापायी लाखाचे यंत्र जाते, आणि दैव रुसले असेल तर त्याहून मोलाचे काही जाते. दुरुस्तीची पुस्तके हा पंखा वरचेवर काढून पाहा, वर्षा-दोन वर्षांनी बदला, असे बजावून सांगतात. सल्ला उत्तम आहे. पंखा मिळाला तर!

आमच्या परिचयाच्या एका नाखव्यासाठी हा रबरी पंखा शोधीत आम्ही मुंबईचे बाजार पालथे घातले. ससून डॉकच्या आसपास दोरखंड मिळाले, जाळी मिळाली, पोटातल्या इंजिनांचे भाग मिळाले. ऑपेरा हाउसला मोटारीचा जो भाग म्हणाल तो काउंटरवर येतो. होडीचे नाव काढताच विक्रेते हसले. नागदेवी रस्त्यावर बेअरिंगे मिळाली, पण रबर नाही. रे रोडच्या दारूखान्यात मोडीत निघालेल्या अख्ख्या जहाजाचे सामान मिळते, पण आमच्या वीतभर पायाचा पंखा मिळाला नाही. शेवटी एका विक्रेत्याने, त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, वही उघडली आणि विचारले, “मास्तर, मॉडेल कोणते?” इंजिनावरची पट्टी खाऱ्या हवेने खाऊन टाकली होती. “मग साल सांगा.” इंजिन तिसऱ्या हाती आलेले, साल कोणाला ठाऊक! “मग मागवू कसे?” तो म्हणाला. आणि श्रोते हो, त्या माणसाचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो परदेशातून मागवणार, महिना दीड महिना थांबणार, आणि येणारा पंखा दुसऱ्याच इंजिनाचा निघणार. त्याने हे पैसे कोणाच्या भरवशावर गुंतवावेत?

या प्रसंगात आम्हाला जे दिसले ते असे, की पुर्जा न मिळणे ही दुसरी अडचण आहे. पहिली अडचण पुर्जाचे नावच न कळणे ही आहे. पूर्वी गुरू मंत्र कानात सांगत. आताच्या यंत्रविद्येतही तशीच कूट आहेत. अमेरिकेत एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन नावाची इंजिने अनेक दशके एकाच कंपनीची होती. त्यांवर १९८० नंतर साल आकड्यांत लिहीत नसत. ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरे घेतली होती. आय म्हणजे एक, एन म्हणजे दोन, टी म्हणजे तीन, अशा क्रमाने शेवटचे एस म्हणजे शून्य. मॉडेलच्या नावात यांतली जी दोन अक्षरे असतील ते त्या इंजिनाचे साल. ही एक ओळ माहीत असेल तर जे काम क्षणात होते, ती माहीत नसेल तर महिनाभर होत नाही. यामाहाच्या पुर्जांच्या क्रमांकाचेही एक व्याकरण आहे. पहिली तीन अक्षरे तो पुर्जा मुळात कोणत्या इंजिनासाठी आखला ते सांगतात, मधले पाच आकडे तो कशाचा पुर्जा आहे ते सांगतात, शेवटचे दोन त्याची सुधारलेली आवृत्ती सांगतात. मधले आकडे ४४३५२ असले की तो आपला रबरी पंखा. निस्सान नावाची आउटबोर्ड इंजिने तोहात्सू कंपनीच्या कारखान्यात तयार होत, आणि मर्क्युरीची लहान इंजिनेही बव्हंशी तेथलीच. म्हणजे एका नावाच्या डबीत न मिळालेला पुर्जा दुसऱ्या नावाच्या डबीत हसत बसलेला असू शकतो. पण हे सांगणार कोण?

कोणी म्हणतील, आता प्रत्येकाच्या हातात दूरध्वनी आहे आणि त्यात जगाची माहिती आहे. आहे खरी. पण ती इंग्रजीत आहे, आणि ज्याला मॉडेल ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. इंजिनाबरोबर मालकाला जे पुस्तक मिळते त्यात ‘बिघाड झाल्यास अधिकृत विक्रेत्याकडे न्यावे’ असे लिहिलेले असते. इंजिन उघडावे कसे, कोणता बोल्ट किती आवळावा, हे ज्यात असते ते दुरुस्तीचे पुस्तक निराळे. ते इंजिनाबरोबर येत नाही.

पुर्जाचे माहात्म्य किती, याचा एक कटू दाखला या शहराच्याच इतिहासात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी रबरी होडीने कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ किनाऱ्याला लागले. त्या होडीला यामाहाचे आउटबोर्ड इंजिन होते. तपासात इंजिनाच्या क्रमांकावरून ते जपानमधून पाकिस्तानात गेल्याचा माग लागला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ते कराचीत खरेदी झाल्याचे खुद्द पाकिस्तान सरकारलाही मान्य करावे लागले. यातून आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की प्रत्येक यंत्राची जन्मपत्रिका कोठे ना कोठे नीट लिहून ठेवलेली असते. गुन्ह्याच्या तपासाला ती उघडते, हे योग्यच आहे. पण त्याच किनाऱ्यावरच्या कोळ्याने विचारले, ‘या इंजिनाला कोणता पंखा लागतो?’ तर तीच पत्रिका मिटलेली राहते.

आपल्याकडे कसबी हात नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. लालबाग-परळच्या लेथवर काम करणारा टर्नर नमुना पाहून हवा तो पुर्जा कातून देतो. पण कसब असले आणि माहिती नसली तर काय होते ते पाहा. जुन्या लहान आउटबोर्डांत पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक बारीक पिन असते. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पंखा खडकाला लागला की पिन तुटते आणि आतले दंतचक्र वाचते. पिन तुटावी म्हणूनच असते. हे न जाणणारा कारागीर विचार करतो, ‘बिचाऱ्याची पिन सारखी तुटते, आपण चांगल्या पोलादाची करून देऊ.’ पिन मग तुटत नाही. पुढच्या धक्क्याला दंतचक्र तुटते. त्याच्या हाताचा दोष नाही, त्याच्या मनाचा तर नाहीच. पिनीमागचा हेतू त्याला कोणी सांगितला नाही, एवढेच. तीच गोष्ट मापांची. आपला मिस्त्री अजून सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच. जपानी इंजिन मिलिमीटरचे. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि दोन सुताचा बोल्ट दिसायला जुळे भाऊ. पण एकाच्या घरात दुसरा कोंबला, की ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

हे दुखणे मुंबईला नवे नाही, आणि त्यावरचा उपायही नवा नाही. या शहरात पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली. गिरण्यांची यंत्रे लँकेशायरहून येत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव जुन्या कामगारांच्या तोंडी होते. एक पुर्जा मोडला म्हणून गिरणी आगबोटीची वाट पाहत बसली असती, तर मुंबई आजची मुंबई झालीच नसती. प्रत्येक मोठ्या गिरणीत मेकॅनिक खाते असे. तेथे लेथ होते, नकाशे होते, आणि यंत्राचा आवाज ऐकून दुखणे ओळखणारे फिटर होते. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, जी १९२३ साली माटुंग्याला गेली, तेथे ही विद्या रीतसर शिकवली जाऊ लागली. परळला रेल्वेचा कारखाना होता. म्हणजे यंत्र विलायती असले तरी त्याचे ज्ञान परळ-लालबागच्या चाळींत राहायला आले होते. साचा खात्यातला बिघाड साचा खात्यातच दुरुस्त होई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले, आणि त्यानंतर एकामागून एक गिरण्या मिटल्या. त्यांच्याबरोबर काय बुडाले याचा हिशेब आपण पगारात आणि जमिनीच्या भावात केला. दुरुस्तीची जी अलिखित विद्यापीठे त्यांबरोबर बंद झाली, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

मग करावे काय? परदेशी यंत्र घेऊ नये, असे सांगणारा स्वदेशीचा उपदेश आम्ही करणार नाही. समुद्रावर जाणाऱ्याला जे चांगले चालते तेच यंत्र हवे असते. आमचे म्हणणे निराळे आहे. जे यंत्र दुरुस्त करण्याची मुभा आणि माहिती आपल्याला नाही, ते आपण विकत घेतलेले नसते. ते आपण भाड्याने वापरीत असतो, आणि भाडे किती हे मालक ठरवतो. सारे पैसे मोजूनही भाडेकरूच राहणे, हा व्यवहार कोणता?

हे तत्त्व आपल्या देशात आता कायद्याच्या दारापर्यंत आले आहे. एका मोटारमालकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. दोष हाच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना खुलेपणाने मिळत नव्हती. पुढे अपिले झाली, दंडाच्या आकड्यावर वाद झाले. पण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही माहितीचा हक्क आहे, हा विचार सरकारी कागदावर उमटला. त्यानंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक माहितीकेंद्र सुरू केले. त्यात चार क्षेत्रे प्रथम घेतली: शेतीची अवजारे, मोबाइल फोन, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या. शेतकऱ्याचे अवजार यादीत आले याचा आम्हाला आनंद आहे. समुद्राची शेती करणाऱ्याच्या अवजाराला मात्र त्या यादीत स्वतंत्र घर मिळाले नाही. ते मिळावे, ही मागणी किनाऱ्यावरून उठायला हवी, आणि तिला शहराचा आवाज मिळायला हवा.

कायदा येईल तेव्हा येईल. आपल्या हाताने होण्यासारखी तीन कामे आम्ही सुचवतो.

पहिले काम घेणाऱ्याचे. इंजिन विकत घेताना किमतीच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: दुरुस्तीचे पुस्तक देता का, आणि रबरी पंखा, गॅस्केट, प्लग, पिन हे नेहमी झिजणारे भाग आज दुकानात आहेत का? ‘मागवून देऊ’ हे उत्तर नव्हे. आणि इंजिन घरी आले, की त्याच दिवशी मॉडेल व क्रमांक रेशनकार्डाच्या काळजीने वहीत उतरवून ठेवावा. पट्टी मीठ खाते, वही खात नाही.

दुसरे काम मच्छीमार सहकारी संस्थांचे. एका वाड्यात दहा प्रकारची इंजिने असली तर दहा प्रकारचे पंखे कोणीच साठवू शकत नाही. संस्थेने सल्लामसलत करून एक-दोन प्रकार ठरवले, तर एका कपाटात सर्वांचे झिजते भाग मावतात. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने बोल्टच्या आट्यांचे एक माप सुचवले, त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट निराळा असे. एकाच मापाचा आग्रह धरणे हे कारखानदारांना जमले, मग ज्यांचे हित त्यात आहे त्या मच्छीमारांना ते का जमू नये? डिझेलसाठी आणि बर्फासाठी जी माणसे एकत्र आली, ती पुर्जासाठी एकत्र येऊ शकतात.

तिसरे काम आपले, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांचे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली निघाले, तेव्हा मराठीतले ज्ञान एका ठिकाणी जमवावे हीच त्यामागची उमेद होती. यंत्राचे दुरुस्तीपुस्तक हे वाङ्मय नव्हे, असे म्हणून आपण त्याला कपाटाबाहेर का ठेवावे? आपल्या ग्रंथालयांत एक फळी दुरुस्तीच्या पुस्तकांची असावी. निवृत्त झालेले फिटर, तंत्रशाळांतले शिक्षक आणि इंग्रजी जाणणारे पदवीधर यांनी एकत्र बसून आउटबोर्डचे एक मराठी पुस्तक करावे. त्यात पंखा कसा बदलावा, पिन मऊ का असते, क्रमांक कसा वाचावा, खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने कसे धुवावे, एवढे चित्रांसह आले तरी पुष्कळ झाले. शंभर पानांचे पुस्तक. आपल्यापैकी ज्यांनी आयुष्यभर लेथवर काम केले आणि जे आज संध्याकाळी बाकावर बसून दिवस मोजतात, त्यांच्या बोटांत या पुस्तकाचा अर्धा मजकूर आहे. ती बोटे आहेत तोवरच तो उतरवून घ्यायला हवा.

वेळही अनुकूल आहे. येत्या १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर येतात, इंजिने उतरतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी सारी दुरुस्ती आटपावी लागते. या दोन महिन्यांत जो पंखा मिळाला नाही, तो ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात मिळणार नाही. ज्यांना या कामात हात लावायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत. इंग्रजी येत असेल तर तसे लिहावे, लेथ येत असेल तर तसे लिहावे. आणि ज्यांना दोन्ही येत नसेल त्यांनी चित्रे काढायला यावे.